लागणारा अंगठा

चुन्याने आपला अंगठा खाल्ला आहे, हे फाटकावर मशीन बसेपर्यंत थोरलीला ठाऊक नव्हतं.

चुना काय, सगळंच खातो. फावड्याचा दांडा खातो, चपलांचे तळ खातो, डोक्याला बांधलेलं फडकं बघता बघता जाळीसारखं करून टाकतो. माणसाचं कातडं त्याच्यापुढे किती टिकणार. उभं आयुष्य चुनाभट्टीवर काढलेल्या बाईचे हात असतात तसेच थोरलीचे होते. तळवे जाड, पिवळट, भेगाळलेले, आणि बोटांची टोकं मात्र गुळगुळीत. त्याच हातांनी तिने नवऱ्याच्या जोडीने भाजलेल्या चुनखडीच्या कळीचे ढीगच्या ढीग हौदातल्या पाण्यात विरवले. एक दिवस हौदातला चुना उसळून नवऱ्याच्या डोळ्यांत गेला, तेव्हा त्याच हातांनी त्याचे डोळे धुतले. डोळे काही वाचले नाहीत. तेव्हापासून तो खोलीच्या उंबऱ्याशी बसून असे, आणि हौदावर त्याच्या जागी धाकटी उभी राहिली.

धाकटी म्हणजे धाकट्या दिराची बायको. दीर दूर कुठे तरी कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. सुरुवातीला त्याचा निरोप येई, मग तोही येईना. धाकटी त्याच्याबद्दल बोलत नसे. कुणी विचारलंच तर म्हणे, "आहे की. जिथे असेल तिथे आहे."

भट्टीच्या मागे कामगारांच्या खोल्यांची रांग होती. खोली जोडीला मिळे. हौदाचं कामच जोडीचं. कळीचे दगड हौदात टाकायचे, एकाने पाणी सोडायचं, दुसऱ्याने लांब फावड्याने ढवळायचं. पाणी पडलं की कळी उकळायला लागते. ढवळणाऱ्याने हाक दिली की पाणीवाल्याने त्या क्षणी नळाची चावी बंद करायची. दोघांचं सूत जुळलेलं असावं लागतं. म्हणून नवरा-बायको, भाऊ-भाऊ, सासू-सून अशाच जोड्या असत. जोडीतलं एक नाव हजेरीतून महिनाभर गळालं की जोडी मोडली, आणि जोडी मोडली की मुकादम खोलीला कुलूप घाली.

हजेरीचं मशीन म्हणजे फाटकाच्या खांबाला ठोकलेला एक डबा, त्याला बोटभर काच. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला तर आत, लाल लागला तर पुन्हा. धाकटी आत जाई. थोरली उभी राही. अंगठा फडक्याला पुसून ठेवी, तोंडाची वाफ देऊन ठेवी, डावा ठेवी, उजवा ठेवी. मागे रांग खोळंबे.

"वहिनी, अंगठा आहे की गोटी?" फाटकवाला म्हणे. "मशीन म्हणतंय, कोण ही बाई, मी हिला बघितलेलंच नाही."

मागचे हसत. थोरलीही हसल्यासारखं करी. मग मुकादम येई, वहीत तिचं नाव हाताने लिही आणि मानेनेच आत जा म्हणे. असं एक-दोघांचं नव्हतं, निम्म्या रांगेचं होतं. पण रोज सगळ्यांत शेवटी आत जाणारी थोरली असे.

हंगाम निम्म्यावर आला तेव्हा मुकादमाने सगळ्यांना फाटकाशी थांबवलं.

"मालकांचं म्हणणं, हाताने लिहिणं बंद. मशीन म्हणेल ती हजेरी. पुढच्या महिन्यापासून."

"आणि मशीन म्हणेना तर?" धाकटीने विचारलं.

"म्हणेल. त्यासाठीच या बाई आल्यात."

त्याच्याशेजारी एक तरुण बाई उभी होती. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात कॅमेऱ्याची पेटी. बोटांच्या ठशांवर तिचं संशोधन चाललं होतं. फाटकवाल्याच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून तिने सगळ्यांना एक अंगठा दाखवला. केवढा तरी मोठा. नुकत्या नांगरलेल्या वावरासारख्या त्याच्यावर रेघा होत्या, एकीशेजारी एक, वळणावळणाने जाणाऱ्या. मग तिने दुसरा दाखवला. त्यात वावर वाहून गेलेलं. इथे नांगराचं एक तास शिल्लक, तिथे अर्धं.

"मशीनला हा दुसरा ओळखता येत नाही," बाई म्हणाली. "आम्ही कॉम्प्युटरला शिकवतो. पुसट रेघ गडद कशी करायची, तुटलेली कशी जोडायची. पण तुमच्या कामात ती कशी तुटते, हे आधी त्याला दिसलं पाहिजे. त्यासाठी तुमच्या बोटांचे भरपूर फोटो लागतील. पंधरवड्याने मी येते. रोजचे हात आहेत तसेच घेऊन या. फक्त धुवा. त्यांचे लाड करू नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई गाडीत बसून गेली.

आणि त्याच दिवसापासून सगळ्या रांगेने हातांचे लाड सुरू केले.

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस तोंड धुतं, केस विंचरतं, पेटीतला कपडा काढतं. शहरातून बाई येणार, हात हातात घेऊन बघणार, आणि आपण तिच्यासमोर हे असले फुटलेले हात धरायचे? घराघरात तेलाच्या बाटल्या निघाल्या. पुरुषांनीही बोटांना तेल चोळलं. जोडीतल्या ज्याचा अंगठा लागत नव्हता त्याला दुसऱ्याने चुन्यापासून दूर ठेवलं. मुकादमाने बघून न बघितल्यासारखं केलं. त्यालाही सगळे अंगठे लागायला हवे होते.

"जाऊबाई, तुम्ही या पंधरवड्यात हौदाला शिवायचं नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, एकटी कशी करशील?"

"कसं करायचं ते बघते मी. तुमचा अंगठा लागला म्हणजे खोली राहिली. नाहीतर भाऊजींना घेऊन कुठे जायचं? झाडाखाली?"

उंबऱ्याशी बसलेला नवरा म्हणाला, "झाडाखाली सावली तरी असते."

"तुम्ही गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

थोरली पंधरवडाभर हौदाच्या कडेला नुसती बसून राहिली. बसण्याची सवय नव्हती. तिचे हात मांडीवर पडून असत, जसे कुणी सांभाळायला ठेवून गेलंय. समोर धाकटी पाणी सोडायला धावे, ढवळायला धावे, पुन्हा चावीकडे धावे. ओल्या चुन्याचे शिंतोडे तिच्या हातांवर वाळत आणि तिथे बारीक बारीक भोकं पडत. संध्याकाळी ती हात पाण्यात बुडवून बसे. तोंडातून आवाज काढत नसे, फक्त पायाची बोटं आवळून धरी. थोरली भांडी घासायला बसली की धाकटी तिला उठवी. "राखेने रेघा जातील. उठा."

थोरलीचं बोट मऊ झालं. उन्हात तिरपं धरलं की त्याच्यावर काही तरी दिसायला लागलं. तिने नवऱ्याच्या हातात बोट दिलं. त्याने आपल्या बोटाने चाचपलं.

"आहेत," तो म्हणाला. "बारीक आहेत, पण आहेत."

त्या दिवशी तिघं जेवायला बसली तेव्हा खोलीत बरीच बडबड झाली.

बाई ठरल्याप्रमाणे आली. मुकादमाच्या खोलीत टेबल मांडलं, वर दिवा लावला, काळ्या कापडावर एकेकाचं बोट ठेवून फोटो काढायला लागली. थोरलीचा नंबर आला. बाईने तिचा अंगठा भिंगातून बघितला, आणि पुन्हा बघितला.

"हे हात रोज चुन्यात असतात?"

थोरलीने मुकादमाकडे पाहिलं.

"लग्न होऊन आली तेव्हापासून," मुकादम म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"छान टिकलेत मग," बाई म्हणाली आणि दिवा जवळ ओढला. तेवढ्यात तिची नजर दाराशी उभ्या धाकटीकडे गेली. "तुमचे बघू?"

धाकटीने दोन्ही हात झटकन फडक्याखाली घेतले. "माझा अंगठा लागतो मशीनला. माझा फोटो कशाला?"

"तरी बघू दे की."

"नको. चांगले नाहीत ते."

बाईने थोरलीकडे पाहिलं. आता एक शब्द बोलावा असं थोरलीच्या मनात आलं. पण अंगठा काळ्या कापडावर होता, त्याच्यावर दिवा होता, आणि बोललं तर सगळंच उलगडून सांगावं लागलं असतं. ती म्हणाली, "लाजते ती."

बाई हसली. कॅमेरा वाजला.

महिना लागायच्या आधी मशीनमध्ये नवं काही तरी भरून झालं. बाई स्वतः फाटकाशी उभी होती. थोरलीने अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. पहिल्यांदाच.

"ओळख पटली बरं का, वहिनी," फाटकवाला म्हणाला. "आता नातंच जोडा मशीनशी."

मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाईचा चेहरा खुलला होता. तिने सगळ्यांचा निरोप घेतला, थोरलीचा हात हातात घेऊन दाबला.

थोरली त्या दिवशी हौदावर उभी राहिली. फावडं हातात घेतल्यावर तिला बरं वाटलं. तिने धाकटीला नळावर उभं केलं आणि दिवसभर एकटीने ढवळलं. दुसऱ्या दिवशीही. पुढे एका सकाळी मशीनने पहिल्या वेळी नाही म्हटलं, दुसऱ्या वेळी हो. तो आठवडा संपता संपता लाल दिवा लागला तो लागलाच. तिच्या मागच्याचाही लाल. त्याच्या मागच्याचाही.

मुकादमाने तिथल्या तिथे बाईला फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. फोन खिशात घालून तो म्हणाला, "त्या म्हणतात, फोटोत जे हात होते ते त्यांच्याकडे अजून पक्के लागतायत. फोटोतले हात घेऊन या म्हणतात."

मशीन लाड केलेले हात शिकलं होतं, रोजचे नव्हे. सगळ्यांना एकदमच समजलं होतं, आणि सगळे खाली बघत होते.

"मग आता सांगा त्यांना खरं काय ते," फाटकवाला म्हणाला. "पुन्हा काढतील फोटो."

"सांगितलं. पुढच्या हंगामात बघू म्हणाल्या. त्यांचंही काम कुणाच्या तरी हुकमाने चालतं." मुकादमाने वही काखेत मारली. "आणि हाताने लिहिणं बंद झालंय. माझा इलाज नाही."

मग जे व्हायचं तेच झालं. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही, पण रांगेतल्या जोडीजोडीत एकाचे हात कोरडे राहू लागले. फाटकातून दोघं आत जात. काम एक करी. दुसरा अंगठा सांभाळत बसे.

थोरलीच्या हातांवर धाकटीने प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मनगटाशी सुतळीने बांधल्या. "पाणी तेवढं सोडा. चावी कोपराने ढकला. बाकी मी करते."

धाकटी चांगलं करत होती, पण माणूसच ती. उन्हं चढली, पाठ मोडायला आली की तिची जीभ सुटे.

"ऊन लागत नाही ना, जाऊबाई? छत्री धरू?"

थोरली चावीकडे बघत राही.

"नाही, म्हटलं अंगठा काळवंडायचा. पेटीत घालून कुलूप लावून ठेवायला पाहिजे तो. हजेरीपुरता काढायचा, पुन्हा ठेवायचा."

"तू ये इकडे. मी ढवळते."

"आणि उद्या लाल लागला म्हणजे?" धाकटी फावडं हौदात घाली. "बसा गुमान."

घरी गेल्यावर तीच धाकटी आधी थोरलीच्या पिशव्या सोडी, घामाने पांढरे पडलेले तिचे हात स्वतःच्या ओच्याला पुसून कोरडे करी. तिच्या स्वतःच्या हातांना आता पुसण्याजोगं काही राहिलं नव्हतं. तिचा अंगठाही सकाळी दोन-दोन, तीन-तीनदा ठेवावा लागे. ते दोघींनाही दिसत होतं.

त्या दिवशी कळी ताजी आली होती, भट्टीतून नुकती काढलेली, दगड अजून ऊनऊन. असली कळी पाण्याला फार चवताळते. दुपारची वेळ. थोरलीने कोपराने चावी ढकलली, पाणी सुटलं. हौदातून वाफेचे लोट उठले. धाकटीचं फावडं आत-बाहेर होत होतं.

"बंद करा," धाकटीने हाक दिली.

थोरलीने कोपर लावलं. चावी जाम झाली होती. तिने दोन्ही हातांनी धरली, पण ओल्या पिशव्या चावीवरून नुसत्या घसरत होत्या. पाणी पडतच राहिलं.

"जाऊबाई, बंद करा."

चुना कढईतल्यासारखा वर आला. धाकटी मागे सरली. कड ओली होती. तिचा एक पाय कडेवरून सुटला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला.

पिशव्या कशा फाडल्या, हे थोरलीला नंतर आठवलं नाही. दातांनीच फाडल्या असाव्यात, तोंडात सुतळी राहिली होती. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात घातले, पाय हाताला लागला तो धरला आणि ओढला. धाकटी ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. शेजारच्या हौदावरची माणसं धावली. कुणी पाण्याचा पाइप ओढून आणला, कुणी धाकटीला उचललं. थोरली पाइपाच्या धारेखाली धाकटीचा पाय धरून बसली. आपलेही हात चुन्यात गेलेत, हे डॉक्टरने सांगेपर्यंत तिच्या ध्यानात आलं नाही.

डॉक्टरने धाकटीच्या पायाला मांडीपर्यंत पट्ट्या बांधल्या. येता पाऊस संपेपर्यंत उठायचं नाही म्हणाला. थोरलीच्या हातांना पांढरं मलम लावून बोटं सुटी सुटी गुंडाळली. "कातडं नवीन येईल," तो म्हणाला.

"रेघा?" थोरलीने विचारलं.

"काय?"

"कातड्याबरोबर रेघा येतील का?"

डॉक्टरने तिच्या गुंडाळलेल्या बोटांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "ते आत्ता नाही सांगता येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली फाटकाशी गेली. नवरा बरोबर आला. एरवी ती त्याचा हात धरी, पण आता तिलाच हात नव्हते, म्हणून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तिने उजव्या अंगठ्याची पट्टी दातांनी सोडली. आत बघून फाटकवाल्याने तोंड फिरवलं. तिने अंगठा काचेवर ठेवला. लाल. काचेवर पिवळं पाणी उमटलं. फाटकवाल्याने आपल्या बाहीने काच पुसली.

"दुसरा ठेवा, वहिनी." आज तो थट्टा करत नव्हता.

दुसरा ठेवला. लाल. मग तिने एकेक करत सगळी बोटं सोडली आणि ठेवली. मागच्या रांगेतून कुणी घाई करा म्हणालं नाही.

मुकादम आला. "धाकटीला आजारी म्हणून दाखवतो," तो म्हणाला. "तिचा अंगठा मशीनमध्ये आहे, तेवढं चालतं. पाय बरा होईपर्यंत हातही बरे होतील तिचे. पण तुझं नाव हजेरीत कसं ओढू? जोडीतलं एक तरी माणूस आत उभं पाहिजे. मालक रोज संध्याकाळी मशीनचा हिशेब बघतात."

"मी काम करते ना. हाताला फडकं बांधून करते. तुम्ही आत तर सोडा."

"काम कोण नाही म्हणतंय? मशीन सोडत नाही."

"मग खोली?"

 मुकादमाने खोलीची किल्ली या खिशातून त्या खिशात घातली.

तेव्हा थोरलीच्या खांद्यावरचा हात निघाला. "माझा बघा की," नवरा म्हणाला.

"तुमचं काय बघायचं?" थोरली म्हणाली. "अहो, चला घरी."

"माझा हात बरीच वर्षं चुन्याला लागलेला नाही. मुकादम, कुठे आहे मशीन? हात न्या माझा."

मुकादमाने इकडे तिकडे पाहिलं. मग त्याचं मनगट धरून काचेपाशी नेलं. नवीन नाव चढवायचं म्हणजे बोट पुन्हा पुन्हा ठेवावं लागे, मशीन सतरा नखरे करी. याचं बोट मशीनने एकदाच मागितलं आणि घेतलं. हिरवा दिवा लागला. फाटकवाल्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर अंगठा उमटला, रेघ न् रेघ जागेवर, नांगरलेल्या वावरासारखा.

"असा अंगठा या फाटकावर आजवर आलेला नाही," फाटकवाला हळूच म्हणाला.

"लागला का?" नवऱ्याने विचारलं.

"लागला," मुकादम म्हणाला.

"त्यांना दिसत नाही, मुकादम," थोरली म्हणाली. "आत हौद आहेत."

"मशीन डोळे विचारत नाही." मुकादमाने घसा साफ केला. त्याला स्वतःचंच बोलणं कडू लागलं असावं. "हौदावर नाही उभं करत. चाळणीवर करतो. चाळण एका जागी असते, धरायची आणि हलवायची. डोळ्यांचं काम नाही त्यात. तिथपर्यंत जायचं तेवढं बघा."

चाळण अंगणाच्या पार टोकाला होती. तिथे जायला हौदांच्या मधल्या बांधावरून जावं लागे, दोन पावलं शेजारी पडणार नाहीत एवढा तो अरुंद. दोन्ही अंगांना चुना उकळत असे.

"मी नेते त्यांना," थोरली म्हणाली आणि पुढे झाली. फाटकवाल्याने आडवा हात केला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"वहिनी, तुमचा लाल आहे."

नवरा आत गेला. एकटा. फाटकापासून काही पावलांवर जाऊन थांबला, कान लावून उभा राहिला. थोरली अंगणाच्या कडेने गेलेल्या तारेच्या कुंपणाशी धावली.

"अहो, ऐकताय का?"

"बोल."

"उजवीकडे जरा. अजून. बास. आता समोर बांध आहे. पाय घासत चला, उचलू नका."

तो चालू लागला. ती तारेच्या बाहेरून त्याच्या बरोबरीने चालत होती, पट्ट्यांतले हात छातीशी धरून. "सरळ. सरळ. डावीकडे जाऊ नका, डावीकडे हौद आहे. थांबा. वाफ आली, जाऊ द्या ती. हं, चला." हौदांवरच्या माणसांनी फावडी थांबवली होती. बांधाच्या मध्यावर भट्टीच्या पंख्याचा आवाज मोठा झाला. तो थांबला, चेहरा तिच्याकडे वळवला.

"बोलत राहा," तो म्हणाला.

ती ओरडून बोलत राहिली. घसा बसला तरी बोलत राहिली. पुढे भट्टीची भिंत आली आणि तार तिथेच संपली. भिंतीपलीकडचं तिला दिसत नव्हतं.

"आता भिंत आहे हो," ती ओरडली. "मला पुढे येता येत नाही. तुम्ही सरळ जा. सरळच आहे."

उत्तर आलं नाही. ती भिंतीला कान लावून उभी राहिली. फावडी पुन्हा सुरू झाली होती, पंखा चालला होता. त्या सगळ्या गलक्यातून बऱ्याच वेळाने चाळणीचा आवाज आला. खर्र. थांबला. पुन्हा खर्र, आणि मग एका लयीत चालू झाला.

ती खोल्यांच्या रांगेतून आपल्या खोलीकडे आली. दाराची कडी कोपराने ढकलली. धाकटी भिंतीशी पाय लांब करून पडली होती, दाराकडे डोळे लावून.

"लागला का अंगठा?"

"लागला. यांचा."

धाकटीने उंबऱ्याशी पडलेल्या, भाऊजींच्या बसण्याच्या रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं.

"पहिल्याच खेपेला?"

"पहिल्याच."

"मग खोली राहिली," धाकटी म्हणाली, आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.